किचनरची लोकसंख्या किती? एका मध्यम शहराच्या वर्णनावरचे वाद

किचनर हे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातले शहर टोरांटोच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर आहे. तिथे किती माणसे राहतात, असा साधा प्रश्न विचारला, तर २०२१ च्या एकाच जनगणनेतून तीन उत्तरे मिळतात: २,५६,८८५, ५,७५,८४७ आणि ५,८७,१६५. तिन्ही आकडे सरकारी आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. एकाने किचनरला अडीच लाखांचे शहर म्हटले आणि दुसऱ्याने पावणेसहा लाखांचे म्हटले, की वाद सुरू होतो, आणि दोघांच्याही हातात सरकारी आकडा असल्यामुळे तो मिटण्याचे नाव घेत नाही. मध्यम आकाराच्या शहरांच्या वाट्याला असे वाद जास्त येतात. टोरांटोच्या हिशेबात वीस हजार माणसे इकडची तिकडे झाली, तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. किचनरच्या बाबतीत मात्र तेवढ्या फरकाने वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट झालेला दिसू शकतो, आणि तसा तो दिसलाही असता. त्या उदाहरणाकडे पुढे येऊ.

पहिला आकडा किचनर शहराच्या हद्दीतला आहे आणि तिसरा वॉटर्लू रिजनचा. ऑन्टारिओत अनेक ठिकाणी स्थानिक कारभार दोन थरांचा असतो: वर रिजन, आणि त्याच्या पोटात शहरे व टाउनशिप. वॉटर्लू रिजन १ जानेवारी १९७३ रोजी अस्तित्वात आले. त्यात किचनर, केम्ब्रिज आणि वॉटर्लू ही तीन शहरे येतात, तशाच वुलिच, विल्मट, वेलस्ली आणि नॉर्थ डम्फ्रीज या चार ग्रामीण टाउनशिपही येतात. पोलिस, सार्वजनिक वाहतूक आणि कचरा रिजनकडे आहेत. अग्निशमन आणि उद्याने शहरांकडे आहेत. म्हणजे किचनरमध्ये घरात चोरी झाली तर येणारा पोलिस रिजनचा असतो आणि घराला आग लागली तर येणारा बंब शहराचा. अशा ठिकाणी 'शहर काय करते' या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणाऱ्याने अर्धी चूक आधीच केलेली असते.

नावांचा गोंधळ याच रचनेतून येतो. स्थानिक लोक सर्रास 'के-डब्ल्यू' म्हणतात, म्हणजे किचनर-वॉटर्लू. त्यात केम्ब्रिज गळून पडते, आणि केम्ब्रिजच्या लोकांना ते खटकते. 'ट्राय-सिटीज' म्हटले तर तिन्ही शहरे येतात, पण टाउनशिप बाहेर राहतात. बाहेरची माणसे, विशेषतः विद्यापीठामुळे हे नाव ऐकलेली, सगळ्यालाच 'वॉटर्लू' म्हणून मोकळी होतात. वास्तविक तीन शहरांत वॉटर्लूच सर्वांत लहान आहे, कारण त्याची २०२१ ची लोकसंख्या १,२१,४३६ आणि केम्ब्रिजची १,३८,४७९ होती. खुद्द केम्ब्रिज हेही १९७३ मध्ये गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर एकत्र करून घडवलेले शहर आहे, आणि तिथली जुनी माणसे अजूनही आपण गॉल्टचे किंवा प्रेस्टनचे असल्याचे सांगतात. आयऑन ही हलकी रेल्वे २१ जून २०१९ रोजी सुरू झाली, तेव्हा 'शहराला रेल्वे मिळाली' असे सगळीकडे छापून आले. ती १९ किलोमीटरची मार्गिका वॉटर्लूच्या कोनेस्टोगा मॉलपासून किचनरच्या फेअरवेपर्यंत धावते, आणि पुढे केम्ब्रिजला जाणाऱ्यांना तिथे बस धरावी लागते.

मग हे सगळे एकच शहर का करत नाहीत, असे वाचकाच्या मनात येईल. २०१० च्या स्थानिक निवडणुकीत किचनर आणि वॉटर्लूच्या मतदारांना एकत्रीकरणावर निदान बोलणी करावीत का, एवढेच विचारले होते. किचनरने होकार दिला, वॉटर्लूने नकार दिला. २०१९ मध्ये प्रांत सरकारने अशा सर्वच रिजनांचा आढावा घ्यायला दोन सल्लागार नेमले, त्यांपैकी केन सायलिंग हे वॉटर्लू रिजनचे माजी अध्यक्षच होते. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने कोणतीही सक्तीची फेररचना होणार नाही असे जाहीर केले. त्यामुळे तीन शहरे आणि एक रिजन ही व्यवस्था कायम राहिली, आणि तिच्याबरोबर वर्णनाचा पेचही.

आता मधला आकडा, ५,७५,८४७. हा कुठल्याच शासनसंस्थेचा नाही. स्टॅटिस्टिक्स कॅनडा ही सरकारी संस्था 'जनगणना महानगर क्षेत्र' नावाची एक सांख्यिकी हद्द आखते, आणि तिला कोणी महापौर नसतो की तिचा कोणी कर भरत नाही. नियम ढोबळमानाने असा आहे: एकूण लोकसंख्या किमान एक लाख हवी, तिच्यातले किमान पन्नास हजार लोक मधल्या गाभ्यात राहायला हवेत, आणि शेजारच्या एखाद्या पालिकेतले किमान निम्मे नोकरदार त्या गाभ्यात कामाला जात असतील तर ती पालिकाही क्षेत्रात धरायची. उलट्या दिशेने, म्हणजे गाभ्यातून त्या पालिकेत कामाला जाणाऱ्यांसाठीही एक निकष आहे. या कसोटीवर रिजनच्या सात घटकांपैकी सहा बसतात आणि वेलस्ली ही एकच टाउनशिप बाहेर राहते. वेलस्लीची लोकसंख्या ११,३१८ होती, आणि वरच्या दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांत नेमका तेवढाच फरक आहे. कोणाला गंमत वाटली तर वजाबाकी करून पाहावी.

ही हद्द दर जनगणनेला तपासली जाते आणि कधीकधी बदलते. २०११ च्या जनगणनेत या महानगर क्षेत्राची लोकसंख्या ४,७७,१६० छापली गेली होती. २०१६ मध्ये ती ५,२३,८९४ झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर पाच वर्षांत ९.८ टक्के वाढ दिसते. मात्र या दोन जनगणनांच्या मधे विल्मट टाउनशिप महानगर क्षेत्रात घेतली गेली होती. २०११ मध्ये विल्मटमध्ये १९,२२३ लोक राहत होते. ते जुन्या आकड्यात मिळवले की २०११ ची तुलनायोग्य लोकसंख्या ४,९६,३८३ होते आणि वाढ ५.५ टक्क्यांवर येते. विल्मटमधले एकही कुटुंब कुठे हललेले नव्हते, हलली होती ती रेघ. स्टॅटिस्टिक्स कॅनडा हा सुधारित आकडा नव्या तक्त्यात देतेच, त्यामुळे दोष तिचा नाही. चूक होते ती जुन्या छापील तक्त्यातून एक आकडा आणि नव्या तक्त्यातून दुसरा उचलणाऱ्याची. त्यानंतरच्या पाच वर्षांत, म्हणजे २०१६ ते २०२१ दरम्यान, त्याच हद्दीत खरोखरच ९.९ टक्के वाढ झाली, जेव्हा देशाची वाढ ५.२ टक्के होती. म्हणजे दोन्ही पंचवार्षिक वाढी 'जवळजवळ दहा टक्के' अशा दिसू शकतात, पण पहिली जवळजवळ निम्मी भासमान आहे आणि दुसरी पूर्ण खरी आहे.

घनतेचेही तसेच. किचनर शहराचे क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस किलोमीटर आहे आणि तिथे दर चौरस किलोमीटरला साधारण १,९०० माणसे राहतात. पूर्ण रिजनचे क्षेत्रफळ सुमारे १,३७० चौरस किलोमीटर, म्हणजे दसपट, आणि घनता जेमतेम ४३०, कारण त्यात मक्याची शेते आणि घोडागाडीने बाजाराला जाणाऱ्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांची वस्ती येते. कोणाला शहर विरळ दाखवायचे आहे आणि कोणाला दाट, यावर कोणता भाजक निवडला जाणार हे ठरते.

हद्द एकदा ठरवली, तरी माणसे मोजायची कशी हा प्रश्न उरतोच, आणि वॉटर्लूत तो फारच अवघड होतो. वॉटर्लू विद्यापीठ आणि विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठ ही दोन विद्यापीठे सव्वा लाखाच्या या शहरात एकमेकांच्या शेजारी आहेत. एकट्या वॉटर्लू विद्यापीठात चाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. कॅनडाच्या जनगणनेचा नियम असा, की शिकायला दुसऱ्या गावी राहणारा विद्यार्थी वर्षात कधीतरी आईवडिलांकडे राहायला परतत असेल, तर त्याची गणना आईवडिलांच्या घरी करायची. त्यामुळे ऑटवाहून आलेली मुलगी वॉटर्लूतल्या खोलीत वर्षातले आठ महिने राहिली, तिथेच भाजी विकत घेतली आणि तिथल्याच बसने फिरली, तरी कागदावर ती ऑटवाची. याचा एक विचित्र परिणाम घरांच्या तक्त्यात दिसतो. जनगणना एकूण घरे आणि 'नेहमीच्या रहिवाशांनी व्यापलेली घरे' असे दोन आकडे देते, आणि पाच विद्यार्थ्यांनी गजबजलेले घर, त्या पाचही जणांचे नेहमीचे घर दुसरीकडे असल्यामुळे, दुसऱ्या आकड्यात येतच नाही. मग कोणीतरी दोन्ही आकड्यांची वजाबाकी करते आणि वॉटर्लूत हजारो घरे रिकामी पडली आहेत असे लिहून टाकते. वॉटर्लू विद्यापीठात को-ऑप पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते, म्हणजे विद्यार्थी चार महिने शिकतात आणि चार महिने कुठल्यातरी कंपनीत, अनेकदा दुसऱ्याच शहरात, काम करतात. त्यामुळे विद्यार्थीही वर्षभर तेच राहत नाहीत. भरीस भर म्हणजे २०२१ ची जनगणना मे महिन्यात, महासाथीच्या काळात झाली, जेव्हा बरेचसे वर्ग दूरस्थ चालले होते.

या कारणाने वॉटर्लू रिजन स्वतःचा वेगळा वार्षिक अंदाज काढते. त्यात तात्पुरते राहणारे विद्यार्थी धरलेले असतात आणि जनगणनेतून सुटलेल्यांसाठीही काही भर घातलेली असते, म्हणून तो आकडा जनगणनेपेक्षा नेहमी मोठा असतो. यात लपवाछपवी काही नाही. पाण्याची गरज आणि बसच्या फेऱ्या ठरवायच्या असतील, तर प्रत्यक्ष राहणारी माणसेच मोजायला हवीत. पण टोरांटोच्या जनगणनेच्या आकड्याशेजारी वॉटर्लूचा हा फुगलेला आकडा ठेवून तुलना करणे बरोबर नाही, आणि माझ्या मते या शहराबद्दलच्या लेखनात सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच आहे.

परदेशी विद्यार्थ्यांनी २०२१ नंतर चित्र आणखी बदलले. किचनरमध्ये मोठा परिसर असलेल्या कोनेस्टोगा कॉलेजच्या नावावर २०२३ या एका वर्षात ३०,००० हून अधिक अभ्यास परवाने मंजूर झाले, देशातल्या कोणत्याही संस्थेपेक्षा जास्त, आणि त्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा परवान्यांवर मर्यादा घालण्याची घोषणा केली आणि ओघ आटू लागला. ज्या शहरात तीन वर्षांत अशी भरती-ओहोटी येऊन जाते, त्याचे २०२१ च्या जनगणनेवर बेतलेले वर्णन २०२३ मध्येच जुने झाले होते, आणि २०२३ मध्ये लिहिलेले 'झपाट्याने फुगणारे शहर' हे वर्णनही फार काळ टिकणारे नव्हते. साल न सांगता दिलेला आकडा इथे निरुपयोगी आहे.

नाशिक किंवा सांगलीत बसून मुलाच्या किचनरमधल्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या पालकांना या वादाचा थेट चटका बसतो तो भाड्याच्या बाबतीत. सर्वाधिक उद्धृत होणारे सरासरी भाडे कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या दर ऑक्टोबरच्या पाहणीतून येते. ती पाहणी मुख्यतः भाड्यासाठीच बांधलेल्या, तीन किंवा अधिक सदनिका असलेल्या इमारतींची असते, आणि तिच्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूंचे भाडेही धरलेले असते. ऑन्टारिओत राहत्या भाडेकरूचे भाडे वर्षाला किती वाढवता येईल याला सरकारी मर्यादा आहे, २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी ती २.५ टक्के होती. पण भाडेकरू जागा सोडून गेला, की घरमालक नव्या माणसाकडून बाजारभाव मागू शकतो. शिवाय १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहण्यासाठी वापरात आलेल्या जागांना ती मर्यादाही लागू नाही. म्हणजे एकाच इमारतीत एकाच आकाराच्या दोन सदनिकांचे भाडे खूपच वेगळे असू शकते, आणि सरकारी सरासरी त्या दोघांच्या मधे कुठेतरी पडते. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र फक्त वरचाच भाव लागू पडतो. त्यातही तो ज्या तळघरातल्या खोलीत किंवा वाटून घेतलेल्या घरात राहण्याची शक्यता जास्त, ती जागा या मुख्य पाहणीत मोजलेलीच नसते. म्हणून 'किचनरचे सरासरी भाडे' हा आकडा खरा असूनही त्याच्या कामाचा नसतो. जाहिरातींवरून काढलेल्या सरासरीत उलट दोष आहे: ती फक्त रिकाम्या, म्हणून महाग जागांची असते आणि तिथे स्थायिक असलेल्यांचा खर्च फुगवून दाखवते.

गुन्हेगारीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, पोलिस रिजनचे असल्यामुळे गाजणारा निर्देशांक संपूर्ण पोलिस हद्दीचा किंवा महानगर क्षेत्राचा असतो, आणि त्यावरून किचनरच्या एखाद्या रस्त्याबद्दल काही ठरवता येत नाही.

'कॅनडाची सिलिकॉन व्हॅली' हे बिरुद जास्त रंजक आहे. रिसर्च इन मोशन ही ब्लॅकबेरी बनवणारी कंपनी १९८४ मध्ये वॉटर्लूत सुरू झाली. ओपनटेक्स्टचा उगम ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोश संगणकावर आणण्याच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या प्रकल्पात आहे. किचनरमध्ये जुन्या चामड्याच्या कारखान्यात नवउद्योगांचे केंद्र उभे राहिले आणि जुन्या रबर कारखान्याच्या इमारतीत गूगलचे कार्यालय आहे. हे सगळे खरे आहे. पण त्याच रिजनमध्ये, केम्ब्रिजला, टोयोटाचा कारखाना १९८८ पासून गाड्या बनवतो आहे, आणि एकूण रोजगारात कारखानदारीचा वाटा आजही कॅनडाच्या सरासरीपेक्षा बराच मोठा आहे. वॉटर्लूत तर विमा कंपन्या संगणकाच्या कितीतरी आधी आल्या. १८७० मध्ये तिथे म्युच्युअल लाइफ स्थापन झाली होती. यात मोजणीचाही एक बारकावा आहे. विमा कंपनीत काम करणारी प्रोग्रॅमर उद्योगानुसार मोजली तर विमाक्षेत्रात जाते आणि व्यवसायानुसार मोजली तर तंत्रज्ञानात. सॉफ्टवेअर कंपनीतल्या हिशेबनिसाचे नेमके उलटे होते. बिरुदे वाटणारे अहवाल बहुधा आपल्या सोयीची पद्धत घेतात, आणि आकड्याऐवजी टक्केवारी दिली की मध्यम शहर महानगरांच्याही पुढे दिसू लागते.

जर्मन वारशाचा वाद याहून जुना. किचनरचे नाव १९१६ पर्यंत बर्लिन होते, आणि तिथले बहुसंख्य लोक जर्मन वंशाचे होते. पहिले महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये व्हिक्टोरिया पार्कमधला कैसर पहिला विल्हेल्म याचा अर्धपुतळा उखडून तळ्यात फेकला गेला. मे १९१६ मध्ये नाव बदलण्यावर मतदान झाले, आणि बदलाच्या बाजूने १,५६९ तर विरोधात १,४८८ मते पडली. म्हणजे ८१ मतांनी शहराचे नाव गेले. नवे नाव निवडण्याच्या पुढच्या मतदानाला तर नऊशेहूनही कमी लोक आले, आणि नुकत्याच समुद्रात बुडून मेलेल्या लॉर्ड किचनरचे नाव ३४६ मतांवर निवडून आले. हा तोच किचनर, जो १९०२ ते १९०९ भारतात सरसेनापती होता आणि ज्याच्याशी बिनसल्यावर कर्झनला व्हाइसरॉयपद सोडावे लागले. 'शहराने देशभक्तीपोटी नाव बदलले' हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही, आणि 'शहरावर नाव लादले' हेही पूर्ण खरे नाही. १९६९ पासून इथे ऑक्टोबरफेस्ट भरतो आणि तो जर्मनीबाहेरचा सर्वांत मोठा असल्याचे सांगतात. ब्राझीलचे ब्लुमेनाउ आणि अमेरिकेचे सिनसिनाटी यांचेही दावे तसेच असल्यामुळे तो दावा मी लिहिणार नाही.

सर्वांत मोठा मतभेद मात्र शहराच्या वर्णनातल्या अगदी पहिल्या वाक्यावर आहे. 'पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी १८०० च्या सुमारास हे गाव वसवले', असे ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. पण ब्रिटिश गव्हर्नर हॅल्डिमंड याच्या २५ ऑक्टोबर १७८४ च्या घोषणेने ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची प्रत्येकी सहा मैलांची पट्टी सिक्स नेशन्सना, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढून आपली भूमी गमावलेल्या हौडेनोसौनी या मूळनिवासी लोकांना, दिली होती. ती जमीन सुमारे साडेनऊ लाख एकर होती. आज सिक्स नेशन्सकडे तिच्यातली पाच टक्क्यांहूनही कमी उरली आहे. उरलेली कशी गेली, विक्रीचे पैसे कुठे गेले, याचा हिशेब मागणारा दावा त्यांनी १९९५ मध्ये कॅनडा आणि ऑन्टारिओ सरकारांविरुद्ध दाखल केला. मेनोनाइटांनी १८०५ मध्ये 'जर्मन कंपनी' नावाच्या आपल्याच मंडळीमार्फत साठ हजार एकर पैसे मोजून घेतले, हे खरे आहे. ती जमीन विकणाऱ्यांच्या हातात कशी आली, हा वाद आहे. आणि घोषणेच्या आधी त्याच नदीकाठी अनिशिनाबे आणि त्यांच्याही आधी अटावांडरॉन लोक राहत होते, हे तर 'वसवले' या क्रियापदात मावतच नाही.

मला लिहायला सांगितले तर मी ते वाक्य असे लिहीन: 'किचनर हे ऑन्टारिओतल्या वॉटर्लू रिजनमधले सर्वांत मोठे शहर असून (२०२१ मध्ये शहराच्या हद्दीत २,५६,८८५ आणि रिजनमध्ये ५,८७,१६५ लोक), ते १७८४ मध्ये सिक्स नेशन्सना दिलेल्या ग्रँड नदीच्या पट्ट्यात, १८०० नंतर आलेल्या मेनोनाइट वसाहतकारांच्या शेतांभोवती वाढले.' वाक्य लांब झाले आहे आणि त्यात तंत्रज्ञानाचा किंवा ऑक्टोबरफेस्टचा उल्लेख नाही. ते दुसऱ्या वाक्यात येतील, टोयोटाबरोबर.